खंडेनवमीला मापलेली चाकं

ती गाडी अजूनही माझ्या स्वप्नात येते. काळी, छोटी, गोल नाकाची, विलायती, आमच्याकडे येण्याआधी दोन घरं फिरून आलेली. स्वप्नात रस्त्यावर माणसं नसतात, सायकली नसतात, बैलगाड्या नसतात. दोन्ही बाजूंना मोठी झाडं आणि मधून मी. गाडी दर वेळी किंचित डावीकडे जायला बघते, मी तिला मधोमध आणते, ती पुन्हा डावीकडे. जाग येते तेव्हा दोन्ही दंडांना रग लागलेली असते. या वयात रग लागायला स्वप्नच पडावं लागतं असं नाही म्हणा, पण ही रग मी ओळखते.

खरी गाडी डावीकडे ओढत होती ती एकाच दसऱ्याला, तीही अर्धा दिवस. पण तो अर्धा दिवस माझ्या डोक्यात इतका लांबला आहे की त्याच्या आधीची आणि नंतरची वर्षं त्याच्या कडेला उभी राहून त्याच्याकडे बघत असतात, असं मला वाटतं.

साठच्या दशकाच्या मधली गोष्ट. बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये आम्ही तिघं राहत होतो: मी, आमचे हे आणि सासूबाई. हे विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरची. त्यांच्या मराठीत कन्नड कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे त्यांनाच ठाऊक नसे, आणि कोणी विचारलं तर राग येई. मी मिरज-हुबळीकडच्या रेल्वेच्या चाळींमध्ये वाढलेली. माझे वडील, अण्णा, गार्ड होते. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी बंगळूरजवळच्या येलहंका जंक्शनला काढली आणि निवृत्त झाल्यावर तिथंच, स्टेशनाच्या मागं, दोन खोल्या घेऊन राहिले. आई आधीच गेली होती. शेजारच्या अक्का दोन वेळचं जेवण आणून देत.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू काठीच्या आधारानं जमिनीवर आला, हात मात्र मांडीवर ठेवावा तसा तिथंच पडून राही. शहरातल्या इस्पितळात आठवड्यातून दोनदा शेक आणि व्यायाम सुरू झाला. बोटं जराजरा हलू लागली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यात खंड पडला तर हा हात वाळून जाईल. मग माझ्याकडे येऊ नका."

मी अण्णांना म्हटलं, आमच्याकडे राहायला या. त्यांचं उत्तर तयार होतं. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये. नुसतं म्हणण्यापुरतं नव्हे, ते पाळत असत. इस्पितळातून परतताना गाडी आमच्या दारात थांबली तरी ते खाली उतरत नसत. तहान लागली तर स्वतःचा फिरकीचा तांब्या मांडीवर घेऊन डाव्या हातानं उघडत. सासूबाईंनी एकदा गाडीच्या खिडकीशी जाऊन सांगून पाहिलं, "हे लेकीचं घर नव्हे हो, माझं घर. माझ्याकडे स्वल्प ताक घ्यायला काय होतंय?" अण्णा हसले, हात जोडायचे म्हणून एकच हात कपाळाशी नेला आणि तांब्या उघडला. मी त्या दिवशी इतकी चिडले होते की येलहंक्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. वडिलांवर एवढं चिडता येतं हे मला तेव्हाच कळलं.

तर अण्णांना आणायचं-पोचवायचं काम यांच्याकडे होतं. पाळ्या बदलून घेत, साहेबांची बोलणी खात, पण कधी चुकले नाहीत. अण्णांचा पाय बसच्या पायरीवर चढत नव्हता, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. आणि नेमकं श्रावणात पत्र आलं की यांना दहा महिने परदेशी शिकायला जायचं आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं.

"मी आणीन अण्णांना," मी म्हटलं. मला गाडी येत होती. यांनीच शिकवली होती, लायसन होतं. पण तोवर मी गाडी चालवली ती रविवारी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, शेजारी हे बसलेले असताना. तसं पोहायला घागर बांधूनही येतं.

यांनी नाही म्हटलं नाही. पण पावसाळ्यापासून गाडीच्या पुढच्या चाकांखाली खडखड सुरू झाली होती. पुढची चाकं ज्या उभ्या खिळ्यांवर वळतात ते खिळे झिजलेले, त्यांचे बुश झिजलेले, आडव्या दांड्यांच्या टोकांची रबरं फुटून गेलेली. यांनी मला अंगणात नेलं, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवून दाखवलं. ते चाक म्हाताऱ्याच्या दातासारखं हलत होतं.

"हे सगळं नवीन घालतो," हे म्हणाले. "पण ऐक. जाण्याआधी गाडी सरळ चालली पाहिजे. वाकडी चालणारी गाडी तुझ्या हातात देऊन मी परदेशी जाणार नाही. तिथं मला झोप लागणार नाही. सरळ झाली नाही तर विकून टाकू, कारखान्यात घ्यायला माणूस तयार आहे."

"आणि अण्णा?"

"काहीतरी करू," हे म्हणाले. काहीतरी म्हणजे काय ते त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही.

गाडी गॅरेजमध्ये द्या म्हणण्याची सोय नव्हती. विमानाला हात लावणाऱ्या माणसाची गाडी दुसऱ्यानं उघडायची हे यांना अंगावरचे कपडे दुसऱ्याकडून उतरवून घेण्यासारखं वाटे. सुटे भाग मद्रासहून यायचे होते, ते आले तेव्हा नवरात्र बसलेलं. तेवढ्या आठवड्यापुरती अण्णांना इस्पितळात न्यायला टॅक्सी केली, ती दहा महिने परवडणारी नव्हती. मग यांनी घराच्या बाजूच्या फरसबंदीवर गाडी विटांच्या थप्प्यांवर चढवली आणि संध्याकाळी कारखान्यातून आले की त्या गाडीखाली जात. बाहेर फक्त दोन पाय. मी चहा पायांशी ठेवी. सासूबाई घटाला पाणी घालता घालता खिडकीतून त्या पायांकडे बघत आणि म्हणत, "माझा पोरगा गेला रे गाडीच्या पोटात."

ते दिवस मला आता धुरकट दिसतात. ऑक्टोबरातलं बंगळूर तेव्हा असंच असायचं, सकाळी धुकं, दुपारी मऊ ऊन, संध्याकाळी पुन्हा धुकं. करंजाच्या झाडाची पानं गाडीच्या टपावर पडत आणि कोणी झाडत नसे. ग्रीसचा वास आणि सासूबाईंच्या धुपाचा वास एकत्र येत. मी पायरीवर बसून त्या पायांशी बोलत राही आणि गाडीखालून हुंकार येत. संसारात आम्ही इतकं सलग कधी बोललो नव्हतो. दहा महिन्यांचं बोलणं आधीच उरकून घेत होतो बहुतेक.

नवे खिळे बसले, रबरं बसली. राहिलं होतं ते चाकांचा रोख बसवायचं. यांनी मला खडूनं फरशीवर काढून समजावलं. पुढची दोन चाकं अगदी समांतर असून चालत नाहीत. दोन्हींची तोंडं जरा एकमेकांकडे वळलेली हवीत. पुढच्या बाजूचं अंतर मागच्या बाजूच्या अंतरापेक्षा इंचाच्या आठव्या भागानं कमी, म्हणजे सुताराच्या भाषेत एक सूत.

"एका सुतानं काय होतं?"

"एका सुतानं गाडी सरळ जाते. दोन सूत इकडंतिकडं झालं की ती तुला दिवसभर कुस्ती खेळायला लावते."

चाकं अधांतरी होती तेव्हाच आम्ही त्यांना खडू फासून घेतला. हे एक एक चाक फिरवत राहिले आणि मी टायरच्या मधोमध खिळ्याचं टोक धरून बसले. सगळीकडून एक बारीक रेघ उमटली. मला फार बरं वाटलं. आयुष्यात इतकी सरळ रेघ मी पुन्हा ओढली नाही.

आणि मग खंडेनवमी आली. आमच्या घरात या दिवसाला दोन्हीकडचे नियम लागू होते आणि सूट कुठलीच नव्हती. मराठी रीतीप्रमाणे घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडायची, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. म्हैसूरकडच्या रीतीप्रमाणे गाडीला झेंडूच्या माळा, कोहळा आणि चारी चाकांपुढं एकेक लिंबू. शेजारीपाजारी पूजा झाली की लगेच लिंबं चिरडून गाडी रस्त्यावर काढत. आमच्या सासूबाईंनी मात्र दोन्ही शास्त्रांची गाठ घातली होती. पूजलेली गाडीही हत्यारच. तेव्हा ती दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या मुहूर्तावरच जागची हलणार, तोवर तसूभरही नाही.

"विटांवर चढवलेली गाडी कशी पुजायची? अय्यो, ती काय तिरडीवर आहे?" असं म्हणून त्यांनी नवमीला सकाळी गाडी खाली उतरवून घेतली. यांनी जॅकनं एकेक बाजू उतरवली, विटा काढल्या, आणि गाडी चार पायांवर उभी राहिली. पाने, पक्कड, जॅक, मोजपट्टी, हातोडे, सगळं घासूनपुसून पाटावर गेलं. सासूबाईंनी माझी विळी आणि यांचा दाढीचा वस्तरासुद्धा सोडला नाही. मग कुंकू, झेंडू, लिंबं. घरात एकदम हत्यार नावाची वस्तू उरली नाही.

हे दुपारभर अंगणात येरझाऱ्या घालत होते. दुसऱ्या दिवशी दसरा, तिसऱ्या दिवशी यांची मद्रासची आगगाडी. त्यांना मी कधी नखं खाताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

"मापायला हत्यार लागत नाही," मी म्हटलं.

शेजारच्या मुलाचा भोवरा मागून आणला. त्याच्या डोक्याला दोरा बांधून टांगला की खालचं लोखंडी टोक नेमकं जमिनीकडं बघे, गवंड्याच्या ओळंब्यासारखं. टायरवरच्या रेघेच्या पुढच्या टोकापासून भोवरा सोडायचा, तो स्थिर झाला की खाली फरशीवर मी रांगोळीचा ठिपका द्यायचा. मग मागच्या टोकापासून तसंच. दोन चाकांचे चार ठिपके. पुढच्या दोन ठिपक्यांवर गोधडीचा मेण लावलेला दोरा ताणून गाठ मारली, तोच दोरा मागच्या दोन ठिपक्यांवर धरला. फरक बराच होता, मूठभर नव्हे पण हरभऱ्याच्या दोन-तीन डाळींएवढा. सासूबाई दारातून बघत होत्या. "गाडीपुढं रांगोळी काढताय? काढा, सरी, बरंच आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

भोवरा हळूहळू डोलत थांबायचा, तेवढा वेळ आम्ही दोघंही श्वास धरून बसत होतो. मला तो वेळ अजून आठवतो. पलीकडच्या गल्लीत कोणीतरी कोहळा फोडला त्याचा आवाज आला. यांचं डोकं माझ्या डोक्याला लागलं होतं. हे चाललेत, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा खरं वाटलं आणि रडू आलं. मी ठिपका दिला तो थोडा मोठाच पडला. यांनी बोटानं त्याच्या कडा पुसून तो बारीक केला.

दसऱ्याला पहाटे उत्तरपूजा झाली आणि हे पाना घेऊन गाडीखाली गेले. दोन्ही चाकांना जोडणारी दांडी असते, ती पिळली की चाकांचा रोख बदलतो. हे पिळत, मी भोवरा सोडून ठिपके देत, आता मोजपट्टी मोकळी झाली होती तर तिनं मोजत. होता होता एक सूत आलं. बरोबर एक सूत. यांनी गाडीखालून हात बाहेर काढून माझा हात दाबला. माझ्या हाताला ग्रीस लागलं, ते मी पुसलं नाही.

दुपारी मुहूर्त झाला. सासूबाईंनी ओवाळलं. मी गाडीत बसले, हे शेजारी. चारी लिंबं चिरडल्याचा आवाज आला आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो.

कोपऱ्यावर वळून सरळ रस्त्याला लागलो तोच गाडीनं डावीकडं तोंड फिरवलं. मी ओढली. ती पुन्हा डावीकडं. जरा वेग घेतला तर पुढचे टायर चीं चीं करू लागले आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. रस्त्यावर जिकडंतिकडं फोडलेले कोहळे पडले होते. मी म्हटलं, कोहळ्यांवरून घसरतेय. यांनी खिडकीतून वाकून पुढच्या चाकाकडं बघितलं. पुढं झेंडूवालीची पाटी होती, ती मी वाचवली, पण चाक गटाराच्या कडेला गेलं आणि गाडी बंद पडली. झेंडूवाली कन्नडमध्ये माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते.

परतताना गाडी यांनी चालवली. त्यांच्याही हातांच्या शिरा ताठल्या होत्या.

"विकू," घरी येऊन, गाडी होती त्याच जागी उभी करून हे म्हणाले. "संध्याकाळी कारखान्यातल्या त्या माणसाला निरोप देतो."

मग माझा तोल गेला. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. विमानं उडवता आणि घरची एक गाडी सरळ करता येत नाही, असं बोलले. अण्णांचा हात वाळला तर तुम्ही परदेशातून पत्र पाठवा, असंही बोलले. भांडणात खरं तेच तोंडातून जातं आणि तेच लागतं. हे पायरीवर जाऊन बसले. चेहरा असा झाला होता की मला बघवेना. मी त्यांच्याकडं पाठ केली आणि उगीचच भोवरा उचलून टायरच्या रेघेवरून खाली सोडला.

सकाळच्या ठिपक्यांवरून जाताना एक चाक त्यांना चाटून गेलं होतं, तरी ठिपके होते. भोवरा ठिपक्यावर आला नाही. बोटभर लांब जाऊन थांबला. गाडी थोडी पुढंमागं उभी राहिली असेल म्हणून मी दुसरीकडचा बघितला, तो भलत्याच बाजूला. नवे ठिपके दिले, दोरा ताणला. एक सूत कुठलं, रोखच उलटा झाला होता. चाकांनी एकमेकांकडं पाठ केली होती, आम्हा दोघांसारखी.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही सकाळनंतर दांडीला हात लावलात?"

हे उठून आले. ठिपक्यांशी वाकले आणि कपाळावर हात मारला. "ढकललीच नाही! गाडी ढकललीच नाही आपण!"

मग मला कळलं. विटांवरून उतरवलेल्या गाडीची चाकं लगेच जागेवर बसत नाहीत. टायर जमिनीला चिकटून राहतात, नवी रबरं ताठ असतात, गाडी वर उचललेलीच राहते. तिला हातानं पुढंमागं ढकलायची, म्हणजे ती आपल्या वजनानं खाली बसते, मग मापायची. आमची खाली बसली ती दुपारी रस्त्यावर, आणि सकाळचं माप तिथंच बिघडलं. कारखान्यातल्या एखाद्या पोरानं हे केलं नसतं तर यांनी त्याला दिवसभर झापलं असतं. पण आमच्या गाडीपुढं लिंबं होती आणि मुहूर्त दुपारचा होता. आम्ही अधांतरी चाकं मापली होती, तीही मोठ्या निष्ठेनं.

सासूबाई आरडाओरडा ऐकून बाहेर आल्या होत्या. यांनी त्यांना सांगितलं. मला वाटलं आता शास्त्र निघणार.

"मग मला सांगायचं नाही का?" त्या म्हणाल्या. "देवाला नाही पालखीत घालून फिरवत? स्वल्प पुढं, स्वल्प मागं केली असती तर काय देव उठून गेला असता?"

"तुम्हीच म्हणालात ना, तसूभरही हलवायची नाही!" मी म्हटलं.

"मी म्हणणारच. मी म्हातारी आहे. इंजिनिअर कोण आहे?" असं म्हणून त्यांनी नऊवारीचा पदर खोचला आणि गाडीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. "ढकला, साकु, पुरे झालं बोलणं."

आम्ही तिघांनी ती गाडी फाटकापर्यंत ढकलली आणि परत आणली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. सासूबाई दर वेळी "हूं" म्हणत. लिंबांच्या चिंधड्या झाल्या होत्या, त्यांचा वास सगळ्या अंगणात भरला होता. गाडीचं उरलंसुरलं बसायचं होतं तेही बसलं. हे खाली गेले, दांडी पिळली, पुन्हा ढकलली, पुन्हा भोवरा, पुन्हा ठिपके. शेवटी एक सूत आलं आणि ढकलून आणल्यावरही ते एक सूतच राहिलं. त्या वेळी कोणी कोणाचा हात दाबला नाही. हे गाडीखालून बाहेर आले, दाराची मूठ पुसली आणि म्हणाले, "जा. अण्णांना सोनं देऊन ये. मी येत नाही."

"एकटी?"

"उद्यापासून एकटीच आहेस."

मी साडी न बदलता निघाले. हेब्बाळचं तळं मागं पडलं आणि रस्ता मोकळा झाला. तेव्हा त्या रस्त्याला दोन्ही बाजूंना मोठमोठी झाडं होती, वर फांद्या एकमेकींत गेलेल्या, खाली हिरवट सावली. दसरा म्हणून रहदारी नव्हतीच. मधूनच ऊन खिडकीतून मांडीवर येई आणि जाई. मी एकदा, फक्त एकदा, दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून हवेत धरले. गाडी सरळ गेली. मी मोठ्यानं हसले. एवढ्या मोठ्यानं मी घरात कधी हसले नसेन. आनंद कसा असतो असं मला कोणी विचारलं तर मी त्या रस्त्याचा पत्ता देईन, पण तो रस्ता आता तसा राहिलेला नाही.

अण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते. गाडीचा आवाज ऐकून काठी घेऊन उठले, शर्टाची बटणं नीट केली. जावयासमोर ते नेहमी असं करत. उजवीकडचं दार उघडून मी उतरले तेव्हा ते मागच्या सीटकडं, मग डावीकडच्या सीटकडं बघत राहिले.

"जावईबापू?"

"घरी आहेत. बॅग भरताहेत." मी सोनं त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि वाकले.

त्यांनी सोनं खिशात ठेवलं. आशीर्वाद द्यायचा विसरले. गाडीभोवती काठी टेकत एक फेरी मारली, प्रत्येक चाकाशी थांबून, गार्ड गाडी सुटण्याआधी बघतात तसं बघितलं. मग शेजारच्या दाराशी येऊन उभे राहिले. मी दार उघडलं. ते बसले, उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला.

"कुठं जायचं, अण्णा?"

"जरा चालव. बघू दे."

मी रेल्वेचं फाटक ओलांडून शेतांमधल्या रस्त्याला गाडी घातली. ते माझ्या हातांकडं बघत होते, मग रस्त्याकडं, मग पुन्हा हातांकडं. मला परीक्षेला बसल्यासारखं झालं. सूर्य खाली आला होता आणि नाचणीची शेतं तांबूस दिसत होती. बऱ्याच वेळानं काही बोलत नाहीत म्हणून मी पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले होते.

मी दचकले. मग त्यांचं पोट वरखाली होताना दिसलं. ते झोपले होते.

हे मी कसं सांगू? माझे वडील चालत्या गाडीत झोपत नसत. गार्डच्या डब्यात त्यांनी आयुष्य काढलं. सुट्टीत आम्हाला घेऊन प्रवासाला निघाले तरी रात्रभर खिडकीशी जागे बसत, प्रत्येक सिग्नल बघत. आई म्हणायची, अहो, गाडी तुम्ही चालवत नाही आहात. हे त्यांना इतक्या महिन्यांपासून इस्पितळात नेत होते, यांच्यावर त्यांचा जीव होता, पण यांच्या शेजारीही ते दाराची मूठ धरून, प्रत्येक वळणावर डोळे मोठे करून बसत. आणि आता त्यांची मान माझ्या बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं पडलं होतं, आणि तो निर्जीव हात मांडीवरून घसरून आमच्या दोघांच्या मधल्या जागेत येऊन पडला होता.

मी गाडी वळवून परत आणली. त्यांचं घर आलं. अक्का दिवा घेऊन दारात आल्या होत्या, त्यांनी हात केला. मी गाडी थांबवली नाही. थांबले असते तर ते जागे झाले असते आणि म्हणाले असते, जा आता, उशीर होतो. मी तसंच घर ओलांडून पुढं गेले, हळू, खड्डे चुकवत, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा त्यांच्या हातावर.